वृद्धाश्रमातली वेदना आणि औषधाची वेळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वृद्धाश्रम आणि शुश्रूषा केंद्रं चालवणारे, तिथल्या सिस्टर आणि मावशी, आणि ज्यांचे आई-वडील तिथे राहतात अशी मुलं पुन्हा पुन्हा विचारतात. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की छोटं खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येतं. इथे विषय त्याचा नाही. वृद्ध माणसं जिथे कायमची राहतात, चोवीस तास कुणीतरी हाताशी असतं, पण डॉक्टर आठवड्यातून एक-दोनदाच फेरी मारतात, अशा जागांचा आहे. डोसचे आकडे डॉक्टरांशी बोलताना माहीत असावेत म्हणून दिले आहेत. त्यावरून चिठ्ठीशिवाय औषध सुरू करू नये.

१. वेदनेचं औषध ‘वेळेवर’ दिलं म्हणजे नेमकं किती वेळात?

जोराची वेदना (दहापैकी सात किंवा जास्त) असेल तर सांगितल्यापासून अर्ध्या तासात पहिलं औषध पोटात गेलेलं असावं. मध्यम वेदनेला तासभर चालतो. ठरलेल्या वेळेची गोळी फार तर अर्धा तास मागेपुढे. गोळी दिल्यावर तासाभराने, इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या तासाने परत जाऊन विचारायचं, ‘आता कसं वाटतंय?’ सगळ्यात जास्त वेळा राहून जातं ते हेच.

उशीर बहुधा औषध नसल्यामुळे होत नाही. आजी मावशींना सांगतात. मावशी हातातलं काम उरकून सिस्टरना सांगतात, सिस्टर ऑफिसला, ऑफिस डॉक्टरांना फोन लावतं, डॉक्टर ओपीडीत असतात, मग मेडिकलमध्ये माणूस पाठवायचा. प्रत्येक पायरीला वीस मिनिटं धरली तरी दीड तास जातो, आणि गोळीचा असर व्हायला वर अर्धा-पाऊण तास. दोन गोष्टींनी हे थांबतं: डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवलेली पहिली पायरी (प्रश्न ८) आणि प्रत्येकाच्या नावाच्या डब्यात किमान सात दिवसांचा साठा.

२. वय झालं की दुखायचंच. त्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

गुडघे झिजणं वयाचं असेल. त्यापायी रात्र-रात्र जागणं वयाचं नसतं. दुखतं म्हणून माणूस हलत नाही. हलत नाही म्हणून सांधे आखडतात, शौचाला होत नाही, शय्याव्रण होतात, छातीत कफ साठतो. भूक जाते, चिडचिड वाढते, आणि मग झोपेची गोळी सुरू होते. वेदना आवरली तर यातलं बरंचसं होतच नाही.

३. किती दुखतंय हे मोजायचं कसं? आजोबांना शून्य ते दहा कळत नाही.

मग आण्यांत विचारा. ऐंशीच्या घरातल्या पुष्कळांना ‘रुपयात किती आणे दुखतंय?’ हे चटकन कळतं. चार आणे म्हणजे दहापैकी दोन-तीन, आठ आणे म्हणजे पाच, बारा आणे म्हणजे सात-आठ. एका माणसाला एकच माप वापरावं. सकाळी आणे आणि रात्री आकडे असं केलं तर तुलनाच होत नाही.

प्रश्न दोनदा विचारायचा: पडून असताना एकदा, उठताना किंवा कूस बदलताना एकदा. पडून असताना ‘काही नाही’ म्हणणारा माणूस खुर्चीतून उठताना ओठ चावतो. ‘दुखतंय का?’ला नाही म्हणणारे लोक ‘खुपतंय का, ठणकतंय का, कळ येते का, आग होते का?’ला हो म्हणतात. जो शब्द ते वापरतील तोच वहीत लिहा. डॉक्टरांना त्यावरून कारण शोधता येतं. ठणका बऱ्याचदा सूज किंवा पू दाखवतो, तर आग, मुंग्या आणि सणक नसांकडे बोट दाखवतात (प्रश्न १३).

४. आईला स्मृतिभ्रंश आहे, ती काहीच सांगत नाही. दुखतंय हे ओळखायचं कसं?

यासाठी ‘पेनॅड’ नावाची मोजपट्टी सोपी आहे. पाच गोष्टी बघायच्या आणि प्रत्येकीला ० ते २ गुण द्यायचे: श्वास (सहज, की धापा टाकत), आवाज (कण्हणं, तेच तेच ओरडणं), चेहरा (कपाळाला आठ्या, वेडावाकडा होणं), शरीर (ताठरणं, मुठी आवळणं, गुडघे पोटाशी घेणं, हात झटकणं) आणि समजावल्यावर शांत होते का. बेरीज दहापैकी. १ ते ३ सौम्य, ४ ते ६ मध्यम, ७ ते १० तीव्र. दोन गुण झाले तरी कारण शोधायला लागावं.

हे निरीक्षण झोपलेल्या माणसावर करून उपयोग नाही. अंघोळ घालताना, डायपर बदलताना, कूस वळवताना पाच मिनिटं बघा. रोज अंघोळ घालणाऱ्या मावशींचं मत यात फार मोलाचं असतं. ‘आज डाव्या बाजूला हात लावू देत नाहीत’ हे वाक्य कुठल्याही गुणांपेक्षा जास्त सांगून जातं, म्हणून ते वहीत जसंच्या तसं यावं.

गुण जास्त आले तर आधी साधी कारणं तपासा: तुंबलेली लघवी, कडक झालेला मळ, तोंडातले छाले, न बसणारी कवळी, वाढून बोटात रुतलेलं नख, पाठीवरचा किंवा टाचेवरचा व्रण, पडल्याची खूण. काहीच सापडलं नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन-चार दिवस ठरलेल्या वेळी पॅरासिटामॉल देऊन पाहतात आणि वागणं बदलतं का ते लिहितात. इथे नेहमी चूक होते ती अशी: ओरडणं हा ‘त्रास देणं’ समजून शांत करणारं औषध सुरू होतं. माणूस गप्प होतो, दुखणं तसंच राहतं, आणि पडण्याचा धोका वाढतो.

५. चिठ्ठीवर ‘एसओएस’ लिहिलंय. म्हणजे मागितल्यावरच द्यायचं ना?

अक्षरशः अर्थ तोच, आणि बहुतेक वेदना तिथेच अडकून पडतात. एसओएस औषध मिळायला माणसाला आठवावं लागतं, बोलावं लागतं, आणि ‘पुन्हा त्रास कशाला द्यायचा’ ही भीड मोडावी लागते. स्मृतिभ्रंश झालेली, पक्षाघाताने वाचा गेलेली किंवा नुसती संकोची माणसं यातलं काहीच करत नाहीत.

दुखणं रोजचं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा की वेळा ठरवून द्या. एसओएस फक्त अधूनमधून उसळणाऱ्या वेदनेसाठी ठेवावं आणि त्याच्यापुढे पाच गोष्टी लिहून घ्याव्यात: कशासाठी, किती, दोन डोसांत किमान किती अंतर, चोवीस तासांत जास्तीत जास्त किती, आणि उतार पडला नाही तर काय करायचं. एसओएस गोळी सलग तीन दिवस रोज लागली तर ती आता रोजची झाली. डॉक्टरांना कळवा.

६. पॅरासिटामॉल किती दिलं तर चालतं?

धडधाकट प्रौढाची मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम. वृद्धांमध्ये साधारण ३ ग्रॅमच्या आत राहतात, आणि वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, खाणं सुटलेलं असेल, यकृताचा आजार किंवा दारूची सवय असेल तर २ ग्रॅमच्या आसपास. एका वेळचा डोस किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत. म्हणजे ४० किलोच्या आजींना एका वेळी ६०० च्या वर नको. ५०० ची गोळी बरोबर, ६५० ची थोडी जास्तच. आपल्याकडे हात मात्र आधी ६५० कडे जातो.

गफलत होते ती लपलेल्या पॅरासिटामॉलमुळे. सकाळ-संध्याकाळ असिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी (३२५ च्या दोन), अंगदुखीला डोलो ६५० (हेही पॅरासिटामॉलच) तीनदा, आणि सर्दीची ५०० ची गोळी दोनदा, असं चालू असेल तर बेरीज ३.६ ग्रॅम होते, आणि चिठ्ठ्या तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या असतात. ट्रामाडॉल या जोरकस वेदनाशामकाच्या जोडगोळीतही ३२५ असतं. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचून प्रत्येकाच्या पानावर ‘आजचं एकूण पॅरासिटामॉल’ असा एक रकाना ठेवावा.

७. ब्रुफेन (आयबुप्रोफेन) किंवा डायक्लोने (डायक्लोफेनॅक) पटकन उतार पडतो. मग डॉक्टर टाळतात का?

पोटातला रक्तस्राव, किडनी आणि हृदय, या तिन्हींमुळे. त्यातही तीन औषधांचा एक मेळ घातक: रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवीची गोळी चालू असताना वर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक. तिन्ही मिळून किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलेल्या किंवा जुलाब झालेल्या माणसाची किडनी यात काही दिवसांत बसू शकते. पाय सुजले, लघवी कमी झाली, शौच डांबरासारखी काळी झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर. गुडघ्यासाठी रोज डायक्लोचं इंजेक्शन टोचून घेण्याची पद्धत तर सोडूनच द्यावी.

गुडघे आणि हातांच्या सांध्यांना डायक्लोफेनॅकचं जेल हा चांगला पर्याय, कारण रक्तात फार थोडं जातं. पण ते पुरेसं लावावं लागतं: एका गुडघ्याला प्रत्येक वेळी २ ते ४ ग्रॅम, दिवसातून तीनदा. या हिशेबाने ३० ग्रॅमची ट्यूब एका गुडघ्याला अडीच ते पाच दिवस पुरते. महिनाभर पुरत असेल तर ती नुसती वासाला लावली जाते आहे. जेल लावून वर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये.

८. रात्री दोन वाजता दुखायला लागलं तर? सिस्टर नाहीत, डॉक्टर फोन उचलत नाहीत.

यासाठी दिवसाउजेडीच तयारी लागते. डॉक्टरांनी प्रत्येक रहिवाशाच्या फाइलमध्ये पहिली पायरी लिहून, तारीख घालून, सही आणि नोंदणी क्रमांकासह ठेवावी. उदाहरणार्थ: ‘नेहमीची पाठ किंवा गुडघेदुखी, चार गुण किंवा जास्त: पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, चोवीस तासांत चार गोळ्यांच्या वर नाही. तासाभरात उतार नसल्यास फोन. छातीत, पोटात किंवा पडल्यानंतर दुखत असल्यास गोळीची वाट न पाहता फोन.’ दर तीन महिन्यांनी हा कागद नव्याने लिहून घ्यावा. मधल्या काळात नवी औषधं लागलेली असतात. रात्रपाळीच्या माणसाला तो वाचता यायला हवा, म्हणून मराठीत.

तरी रोज पहाटेच दुखत असेल तर घड्याळ बघा. बहुतेक ठिकाणी शेवटची गोळी रात्री आठच्या जेवणानंतर आणि पुढची सकाळी आठच्या नाश्त्याला. मध्ये बारा तास. पॅरासिटामॉलचा असर सहाएक तासांचा. पहाटे तीन-चारला जाग येणारच. औषधं जेवणाच्या वेळांना बांधली आहेत, दुखण्याच्या वेळांना नाहीत. सकाळी ६ (अंथरुणातून उठवण्याआधी, चहाबरोबर), दुपारी १२, संध्याकाळी ६, रात्री ११ असं केलं की बराच फरक पडतो.

पाळी बदलतानाही गोळ्या निसटतात. ‘आधीच्या सिस्टरनी दिली असेल’ आणि ‘पुढच्या सिस्टर देतील’ यांच्या मध्ये ती गोळी तशीच राहते. पाळी सोपवताना प्रत्येक वेदनाग्रस्त रहिवाशामागे तीनच वाक्यं बोलावीत: शेवटचं औषध किती वाजता, त्यानंतर गुण किती, पुढचं कधी.

९. डॉक्टर व्हिडिओ कॉलवर औषध लिहून देऊ शकतात का?

पॅरासिटामॉल, जेल, बरीचशी नेहमीची औषधं, हो. पण २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार अमली आणि मनोप्रभावी पदार्थांच्या कायद्यातली औषधं दूरस्थ सल्ल्याने लिहिता येत नाहीत. मॉर्फिन आणि फेंटॅनिल ही अफूच्या जातीची तीव्र वेदनाशामकं त्यात येतात, आणि एप्रिल २०१८ पासून ट्रामाडॉलही. त्यामुळे ज्यांना ही औषधं चालू आहेत त्यांची चिठ्ठी संपण्याच्या आठवडाभर आधी प्रत्यक्ष भेट ठरवावी. शनिवारी संध्याकाळी शेवटची गोळी संपली की सोमवारपर्यंत माणूस तळमळत राहतो.

१०. मॉर्फिन म्हणजे शेवट जवळ आला का? आणि व्यसन लागणार नाही का?

दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. कर्करोगाच्या तीव्र वेदनेत माणसं महिनोन्‌महिने मॉर्फिन घेऊन पत्ते खेळतात, नातवंडांशी बोलतात. तोंडाने, ठरलेल्या वेळी, वेदनेपुरतं दिलं तर व्यसनाचा धोका कमी असतो. शरीराला सवय मात्र होते, म्हणून एकदम बंद करायचं नाही, टप्प्याटप्प्याने कमी करायचं. उलट बाजूही सांगायला हवी: झिजलेल्या गुडघ्यांसाठी किंवा जुनाट कंबरदुखीसाठी वर्षानुवर्षं मॉर्फिन हा चांगला मार्ग नाही.

मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर अर्ध्या तासात सुरू होऊन चारेक तास टिकतो. वृद्धांत सुरुवात २.५ मिलिग्रॅमसारख्या लहान डोसाने होते. मधेच वेदना उसळली तर द्यायचा जादा डोस दिवसभराच्या एकूण मात्रेच्या दहाव्या ते सहाव्या हिश्श्याइतका असतो. तो चिठ्ठीवर वेगळा लिहून घ्या. मळमळ होते ती पहिल्या आठवड्यात ओसरते. बद्धकोष्ठ ओसरत नाही. म्हणून पहिल्या गोळीबरोबरच सेन्ना, बिसाकोडिल किंवा लॅक्टुलोजसारखं पोट साफ करणारं औषध सुरू व्हायला हवं. नुसत्या इसबगोलावर विसंबू नये. पाणी कमी पिणाऱ्या माणसात ते आतच घट्ट होऊन बसतं. तीन दिवस शौच नाही म्हणजे कळवायची वेळ झाली.

धोक्याची पहिली खूण म्हणजे गुंगी; श्वास नंतर मंदावतो. हाक मारल्यावर जागं होऊन बोलता बोलता परत झोप लागत असेल तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन. श्वास मिनिटाला आठच्या खाली गेला, किंवा हलवूनही जाग येत नसेल तर १०८.

११. महाराष्ट्रात मॉर्फिन मिळतं कुठे? आमचा वृद्धाश्रम ठेवू शकतो का?

२०१४ च्या कायदा-दुरुस्तीनंतर मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा ‘अत्यावश्यक अमली औषधं’ ठरली. पूर्वीच्या अनेक परवान्यांऐवजी आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था ती ठेवू शकते. आपल्याकडे ती मान्यता अन्न व औषध प्रशासनाकडून मिळते, आणि वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर तिथे लागतो. साध्या वृद्धाश्रमाकडे ही मान्यता सहसा नसते, म्हणून सर्वांसाठी मिळून साठा करता येत नाही. पण एखाद्या रहिवाशाला अशा संस्थेतून त्याच्या नावाने मिळालेलं औषध त्याच्यासाठी ठेवता येतं.

मुंबईत परळचं टाटा स्मारक रुग्णालय, पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र ही कर्करुग्णांसाठीची ठळक नावं. इतरत्र जिल्हा रुग्णालयातल्या पॅलिएटिव्ह केअर (वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा) कक्षात विचारावं. गोळ्या कुलपात, किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे, प्रत्येक गोळीची वजाबाकी वहीत आणि दोन सह्या. एकाच्या नावाची गोळी दुसऱ्याला, कितीही दया आली तरी, द्यायची नाही. उरलेल्या गोळ्या जिथून आणल्या तिथे परत.

१२. वेदनेच्या औषधाची चिकटपट्टी कातडीवर लावली की तीन दिवस बघायला नको, बरोबर?

पट्टीमुळेच जास्त बघावं लागतं. फेंटॅनिलची पट्टी ७२ तासांची. लावल्यावर पूर्ण असर यायला १२ ते २४ तास लागतात, म्हणून अचानक उठलेल्या वेदनेला ती कामाची नाही. २५ मायक्रोग्रॅमची पट्टी दिवसाला सुमारे ६० मिलिग्रॅम मॉर्फिन आधीच घेणाऱ्यांसाठी असते. ज्याने कधीच असं औषध घेतलेलं नाही त्याला थेट लावली तर श्वास थांबू शकतो. ब्युप्रेनॉर्फिनची पट्टी सात दिवसांची आणि कमी ताकदीतही मिळते.

पट्टीवर तारीख आणि वेळ लिहा. नवी लावण्याआधी जुनी काढलीच पाहिजे. पाठीवर दोन-दोन पट्ट्या सापडणं ही नेहमीची चूक. जागा दर वेळी बदला, केस दाढीच्या ब्लेडने न काढता कात्रीने कापा, पट्टी कापू नका. ताप, शेकण्याची पिशवी, कडक ऊन यांनी औषध जास्त वेगाने शरीरात उतरतं, म्हणून ताप आला की गुंगी आणि श्वास बघत राहा. काढल्यावरही असर एकदम जात नाही. पुढचे चोवीस तास लक्ष ठेवा. वापरलेली पट्टी चिकट बाजू आत घेऊन दुमडा. तिच्यात औषध उरलेलं असतं.

१३. नागिणीनंतर किंवा मधुमेहामुळे होणारी आग पॅरासिटामॉलने थांबत नाही. का?

ही नसांची वेदना, तिची औषधं वेगळी. प्रेगाबालिन २५ मिलिग्रॅम किंवा गॅबापेंटिन १०० मिलिग्रॅम रात्री, अशी लहान सुरुवात आणि आठवड्या-आठवड्याने वाढ. किडनी अधू असेल तर डोस आणखी कमी. तरुणांना चालणारी प्रेगाबालिन ७५ ची गोळी थेट दिली की आजी रात्री बाथरूमला जाताना पडतात. ॲमिट्रिप्टिलिन स्वस्त आहे, पण वृद्धांत लघवी अडवते, तोंड कोरडं पाडते, गोंधळ वाढवते. या औषधांना दोन-तीन आठवडे द्यावे लागतात. चार दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून बंद करू नका. नागीण उठल्याबरोबर ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी औषध सुरू झालं तर तो हल्ला लवकर आटोक्यात येतो, म्हणून एका बाजूलाच उठलेले पाणीदार फोड दिसले की त्याच दिवशी डॉक्टर.

१४. गोळी गिळता येत नाही. कुटून द्यावी का? नाकातल्या नळीतून?

साधी पॅरासिटामॉल कुटता येते. पाकिटावर एसआर, ईआर, सीआर, एक्सआर अशी अक्षरं असलेली गोळी कधीही नाही: बारा तासांचं औषध एका वेळी उतरतं. मॉर्फिनच्या लांब असराच्या गोळीत हे जिवावर बेतू शकतं. पोटात न विरघळण्यासाठी आवरण दिलेल्या गोळ्याही कुटू नयेत.

नळीसाठी सिरप बरं. बाटलीवर ५ मिलिलिटरमागे २५० मिलिग्रॅम असेल तर ५०० साठी १० मिलिलिटर. १२५ असेल तर २० मिलिलिटर. बाटली बदलली की हिशेब बदलतो, हे रात्रपाळीला सांगायला विसरू नका. औषधाआधी आणि नंतर ३० मिलिलिटर पाणी सोडा, नाहीतर नळी तुंबते. पाण्यावर बंधन असेल तर डॉक्टरांना विचारून कमी.

१५. व्रणाचं ड्रेसिंग म्हटलं की बाबा ओरडतात. काही करता येईल?

साधी गोळी ४५ मिनिटं ते एक तास आधी, मॉर्फिन अर्धा-पाऊण तास आधी. ड्रेसर येण्याची वेळ पक्की ठरवा. ‘सकाळी कधीतरी’ येणाऱ्या ड्रेसरमुळे गोळीचा असर आधीच संपून जातो. चिकटलेली पट्टी कोरडी ओढू नका, कोमट सलाइनने भिजवून पाच-दहा मिनिटं थांबा. फिजिओथेरपी आणि अंघोळ यांनाही हेच लागू.

१६. नारायण तेल, शेक, गावाकडच्या पुड्या चालतील का?

तेल हलक्या हाताने चालेल. जखमेवर, नागिणीच्या फोडांवर किंवा लाल गरम सुजलेल्या पायावर नाही. पोटरी एकाच पायाची सुजली असेल तर चोळूच नका, आत रक्ताची गाठ असू शकते. मधुमेह्याच्या पायाला शेक देताना पाणी आपल्या कोपराला सोसेल इतपतच, पिशवी टॉवेलात गुंडाळून, १५ मिनिटं. त्याला भाजलेलं कळत नाही.

संधिवाताच्या नाव नसलेल्या पुड्यांपासून मात्र सावध. दोन दिवसांत चमत्कार झाला तर आत स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. महिनोन्‌महिने घेतलेली अशी पुडी एकदम बंद केली तर रक्तदाब कोसळून माणूस निपचित पडतो. वृद्धाश्रमात दाखल करतानाच हे विचारा, आणि सापडली तर फेकण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

१७. मुलगा अमेरिकेहून औषधं आणतो. ती द्यावीत का?

आधी नावं ओळखा. टायलेनॉल म्हणजे आपलं पॅरासिटामॉलच, म्हणजे प्रश्न ६ ची बेरीज पुन्हा करायची. ॲडव्हिल म्हणजे आयबुप्रोफेन, अलीव्ह म्हणजे नॅप्रोक्सेन. दोन्हींना प्रश्न ७ लागू. नावात ‘पीएम’ असेल तर झोप आणणारं औषधही मिसळलेलं असतं, जे वृद्धांत गोंधळ आणि लघवी अडणं घडवतं. उशाखालची खासगी बाटली सिस्टरच्या कपाटात यायलाच हवी. मुलाला वाईट वाटलं तरी.

१८. कुठलं दुखणं गोळी देऊन थांबायचं नाही?

पडल्यानंतर मांडी-जांघेत दुखतंय आणि पाय आखूड व बाहेर वळलेला दिसतो: खुब्याचं हाड मोडल्याची शक्यता, उभं करू नका. छातीत दाब, घाम, धाप. पोट ताठ आणि हात लावू न देणं. अचानक ‘आयुष्यातली सगळ्यात वाईट’ डोकेदुखी. पाय गार, पांढरा किंवा निळसर. पाठदुखीबरोबर पायातली शक्ती जाणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणं. या सगळ्यांत १०८ किंवा थेट रुग्णालय. सोबत औषधांची यादी आणि शेवटच्या डोसाची वेळ. वेदनाशामक दिलं तर निदान चुकेल म्हणून माणसाला तळमळत ठेवण्याची गरज नसते. काय दिलं ते लिहून पाठवा म्हणजे झालं.

१९. उपवासाला गोळी घेत नाहीत, कॅप्सूल नको म्हणतात. जबरदस्ती करायची का?

जबरदस्ती नाही, दुधात लपवूनही नाही. कारण विचारा, बहुतेकांना उपाय असतो. एकादशीला पाणी घेत असतील तर पॅरासिटामॉल उपाशीपोटी चालतं. आयबुप्रोफेन-डायक्लो चालत नाही. कॅप्सूलचं आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचं असतं, त्यामुळे शाकाहारी माणसाचा नकार रास्त आहे. त्याच औषधाची गोळी किंवा सिरप मागा. सूर्यास्तानंतर काहीच न घेणाऱ्या जैन रहिवाशांसाठी रात्री ११ ची वेळ कामाची नाही. सूर्यास्तापूर्वी लांब असराची गोळी आणि रात्री लावायला जेल असं डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं. कधी कधी मात्र नकार म्हणजे ‘या गोळीने मला मळमळतं’ एवढंच असतं.

२०. वेळेवर औषध दिलं जात नाही अशी शंका आहे. मुलांनी काय करावं?

वही मागा. त्यात तारीख-वेळ, गुण, काय दिलं, कुणी दिलं आणि तासाभरानंतरचे गुण, हे पाच रकाने हवेत. सगळे गुण रोज ‘०’ आणि एकाच शाईत, एकाच हाताने भरलेले दिसले तर ती वही महिन्याच्या शेवटी एकदाच लिहिलेली आहे. गोळ्या मोजा: तीस दिलेल्या, दहा दिवसांत रोज दोन, तर दहा उरायला हव्यात. आधी चालकांशी आणि भेट देणाऱ्या डॉक्टरांशी लेखी बोला. उपयोग झाला नाही तर ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आणि जिल्ह्याचं समाजकल्याण कार्यालय.

२१. शेवटच्या दिवसांत गिळणंच थांबलं. आता मॉर्फिन बंद करायचं का?

बंद केलं तर वेदना आणि औषध तुटल्याचा त्रास दोन्ही एकदम येतात. कातडीखाली बारीक सुईने देता येतं. मात्रा तोंडाच्या डोसाच्या निम्म्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकी, डॉक्टर ठरवतील. ते प्रशिक्षित नर्सने किंवा घरी येणाऱ्या पॅलिएटिव्ह पथकाने द्यायचं, मावशींनी नाही. गिळणं कमी व्हायला लागलं की त्याच आठवड्यात ही सोय लिहून घ्या. ऐनवेळी रविवारी कुणी सापडत नाही. बेशुद्धीतही कपाळाच्या आठ्या आणि कण्हणं बघून गुण देता येतात (प्रश्न ४).

२२. मॉर्फिनच्या इंजेक्शननंतर दोन तासांत वडील गेले. त्यामुळेच गेले का?

माणूस जाण्याच्या बेतात असताना कुठला ना कुठला डोस शेवटचा असतोच. वेदनेच्या मानाने बेताबेताने वाढवलेलं मॉर्फिन मृत्यू ओढून आणत नाही. शंका फिटायला वहीच उपयोगी पडते: आधीच्या दोन-तीन दिवसांतल्या मात्रा, प्रत्येक डोसाआधीचा आणि नंतरचा श्वासाचा वेग, गुंगी किती होती. मात्रा तीच, श्वास आधीपासूनच अनियमित आणि हातपाय गार पडत चाललेले असतील तर कारण आजार आहे. मात्रा अचानक दुप्पट-तिप्पट झालेली दिसली तर डॉक्टरांना त्याचं कारण विचारण्याचा घरच्यांना पूर्ण हक्क आहे.